काण्या मेंढीची चढाई

"मॅडम, लेन्स डोळ्याच्या मागं गेली तर?"

मारुंजीच्या रस्त्यावर टेम्पो, दुचाकी आणि भाजीच्या गाड्यांच्या गर्दीत एक चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या काउंटरमागच्या खुर्चीत मी बसते, आणि हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा हिंजवडीच्या कंपनीतला असतो. तिकडं तो कसली कसली मोठी कामं लीलया करत असेल, पण ती ओली, पातळ पापडी बोटाच्या टोकावर घेतली की त्याचा हात नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या पायासारखा लटपटायला लागतो. मी त्याला सांगते, बाबा, पापणीची आतली कातडी दुमडून डोळ्यालाच जोडलेली असते. खिशाला खाली शिवण असते ना, तशी. खिशातलं नाणं कोपऱ्यात जाऊन बसेल, पण शिवण ओलांडून पोटात जाईल का? मग तो थोडा सैल होतो आणि पुढचं विचारतो. घालून झोपलं तर चालतं का? नळाच्या पाण्यानं धुतली तर? रडलं तर वाहून जाते का? मी न कंटाळता सगळ्यांची उत्तरं देते. झोपायचं नाही, नळाचं पाणी लावायचं नाही, रडायला हरकत नाही. डोळा लाल झाला, दुखायला लागला, की शूरपणा न करता आधी लेन्स काढायची आणि डॉक्टर गाठायचा. दुकानातली पोरं म्हणतात, तुम्हाला हे सगळं इतकं तोंडपाठ कसं? आता त्यांना काय सांगू! हे सगळे प्रश्न माझ्या घरच्या अंगणात, मेंढरांच्या बें बें मध्ये, मला एका संध्याकाळी विचारून झालेले आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्या आईनं विचारले होते.

आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून वर चढलं की येतं. पावसाळ्यात तिथं असा पाऊस कोसळतो की मेंढरू टिकत नाही, म्हणून पावसाचे महिने आमची मेंढरं पौडाच्या खाली असायची आणि उन्हाळ्यात घरी. शेळ्या मात्र बारमाही घरातल्याच. एखादी तर चुलीपुढं आमच्या आधी येऊन बसायची. घरात दादा, म्हणजे माझे वडील, आई, दादांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. सकाळ व्हायची ती करडांच्या ओरडण्यानं आणि आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, आणि चुलीचा धूर. त्या धुरात माझा चष्मा असा भरून यायचा की आमटी-कोरड्यास समजून मी एकदा भाकरी पाण्याच्या तांब्यात बुडवली होती. चष्मा मला फार लहानपणी लागला आणि वयाबरोबर जाड होत गेला. गावात माझं नाव सुलभा, घरात सुली, आणि बाकी सगळीकडं ढापणी. चष्मा लागायच्या आधीची एक गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. बांधावरून काहीतरी काळं येताना बघून मी हाक मारली, "आत्या, च्या ठेवू का?" आणि ती शेजाऱ्यांची म्हैस निघाली. मी म्हणते अंधार पडला होता. आई म्हणते टळटळीत दुपार होती. आत्या काही म्हणत नाही, पण ती गोष्ट निघाली की अजून माझ्याकडं रागानं बघते.

डोळ्यांच्या बाबतीत आमच्या घरात दोन माणसं महत्त्वाची होती, म्हणजे एक माणूस आणि एक मेंढी. माणूस म्हणजे आत्या. गवत वाळलं की त्याची कुसळं मेंढरांच्या डोळ्यांत जातात, डोळा गळायला लागतो, वेळेत काढलं नाही तर बुब्बुळावर पांढरं फूल पडतं. आत्या मेंढराचं डोकं दोन गुडघ्यांत धरायची, पापणी उलटी करायची आणि जिभेच्या टोकानं कुसळ अलगद उचलायची. मेंढराचं काढता काढता ती माणसांचंही काढायला लागली. मळणीच्या दिवसांत तर आमच्या दारात डोळे चोळत माणसं बसलेली असायची. (आज दुकानात बसून मी हे सांगते तेव्हा आमचे डॉक्टर कपाळाला हात लावतात. बरोबरच आहे त्यांचं. जिभेनं डोळ्यात काय काय जाऊ शकतं हे आता मला कळतं, आणि कुणीही असलं करू नये म्हणून मी तंबी देते. पण तेव्हा आत्याच्या जिभेवर पंचक्रोशीचा भरवसा होता.) आणि मेंढी म्हणजे चंद्री. करवंदीचा काटा लागून तिचा डावा डोळा गेला होता. लोक म्हणायचे, काणी मेंढी कशाला ठेवताय, विकून टाका. दादा ऐकायचे नाहीत. चरायला नेताना ते नेहमी तिच्या डाव्या अंगाला चालायचे आणि बारीक आवाजात "हुर्र… हुर्र…" करत राहायचे. तो आवाज आहे तोवर त्या बाजूला सगळं ठीक आहे, हे चंद्रीला ठाऊक होतं. त्या बाजूला खड्डा आला, काटा आला, की दादा मोठ्यानं म्हणायचे, "हाऽड्!" आणि चंद्री झटकन उजवीकडं वळायची. मला ते बघताना वाटायचं, दादा आयुष्यात जेवढं बोलले त्यातलं निम्मं त्या मेंढीशीच बोलले असतील.

दहावीनंतर शिकायला मी मामांकडं मारुंजीला गेले. तेव्हा तिथं कंपन्या नुकत्या कुठं यायला लागल्या होत्या. मामांनी उसाच्या बाजूच्या रानात खोल्या काढल्या होत्या आणि त्यात अकोल्यापासून लातूरपर्यंतची नोकरदार पोरं-पोरी भाड्यानं राहायची. पण मामांचा जीव खोल्यांत नव्हता, कबड्डीत होता. त्यांनी मुलींचा संघ काढला तेव्हा गाव हसलं, आणि त्या संघात मला घेतलं तेव्हा तर संघही हसला. मला चष्म्याविना समोरचा माणूस म्हणजे धुक्यातला झाडाचा बुंधा दिसायचा. पण डोंगरात मेंढरांमागं धावून आणि या टेकडीवरून त्या टेकडीवर हाका घालून माझा दम असा पक्का झाला होता की मी चढाईला गेले की समोरच्या मुली कंटाळून जायच्या. कपड्यांच्या रंगावरून मी अंदाज बांधायचे. एकदा जोशात पुढं होऊन मी ज्यांच्या पायाला हात लावून परत पळाले, ते पंच होते. मामा बाहेरून ओरडले, "सुले, त्ये आऊट हुत न्हाईत गं!"

सामन्यात चष्मा चालायचा नाही, म्हणून सरावात तरी दिसावं असं वाटून मी तो नाडीनं डोक्यामागं बांधायला लागले. व्हायचं तेच झालं. एका पकडीत कुणाचा तरी गुडघा लागला, काच फुटली आणि भुवईवर टाके पडले. ती खूण अजून आहे. माझी मुलगी म्हणते त्यानं मी सतत कसलातरी संशय आल्यासारखी दिसते. दादा दुसऱ्याच दिवशी मारुंजीला आले. मामींनी दिलेला चहा तसाच ठेवून ते माझ्या भुवईकडं बघत राहिले. मग मामांना म्हणाले, "डोळा वाचला. फुडल्या येळंला वाचंलच असं न्हाई. आमच्या घरात चंद्रीचा येक ग्येला, तेवढा पुरं."

"दाजी, पोरगी लई गुणाची हाय खेळाला," मामा काकुळतीला आले. "तुमच्याच गावच्या जत्रंत अवंदा पोरींचं डाव ठिवलंत. तेवढं बगा तरी."

दादांनी बराच वेळ घोंगडीचा काठ चाचपला. "बगतो. नीट खेळून नीट भाईर आली तर खेळू दे. न्हाईतर कबड्डी बंद, आन् मारुंजीबी बंद. घरी यिऊन मेंढरं राखील." एवढं बोलून ते उठले. दादा एकदा बोलले की त्यावर अपील नसायचं. माझी कबड्डी, माझं कॉलेज, मामांच्या गच्चीवरून दिसणारे कंपन्यांचे दिवे, सगळं आता त्या एका सामन्यावर येऊन बसलं होतं, आणि तो सामना मला दिसणारच नव्हता.

यातून वाट काढली ती मृणालताईनं. ती मामांच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायची, मूळची अकोल्याची, कंपनीत नोकरीला. नवा चष्मा यायचा होता, म्हणून मी नळावर डोळे बारीक करून भांडी घासत होते, आणि ती आरशापुढं उभी राहून स्वतःच्या डोळ्यात बोट घालत होती. मी किंचाळलेच. ती हसायला लागली. "घाबरते काऊन? लेन्स हाय ते. चष्माच समज, फक्त डोळ्याच्या आत." मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग तिनं बुब्बुळावरची ती बारीकशी कड मला जवळून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. डोळ्याच्या आत चष्मा! म्हणजे गुडघा लागला तरी फुटणार नाही, धावताना घसरणार नाही, पंच वेगळे आणि पोरी वेगळ्या दिसतील! मी मामांना सांगितलं, मामांनी मामींना, आणि सगळं घर त्या रात्रीच्या जेवणाआधी मृणालताईच्या दारात गोळा झालं. रविवारी ती आणि मामा मला पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी डोळे तपासले, मापं घेतली, दोनदा बोलावलं, आणि शेवटी पाण्यात पोहणाऱ्या दोन पारदर्शक पापड्या माझ्या हवाली केल्या.

त्या घालायला मला किती कष्ट पडले ते सांगायला लाज वाटते. मृणालताई शिकवायची: हात साबणानं धू, पुसताना कापडाचं तूस लागू देऊ नको, लेन्स बोटावर ठेव, वाटीसारखी दिसली तर सुलटी, ताटलीसारखी कड बाहेर पडली तर उलटी. एवढं सगळं ठीक. पण लेन्स डोळ्याजवळ आली की माझा डोळा दुकानाचं शटर पडावं तसा खाडकन बंद व्हायचा. लेन्स भुवईवर बसली, नाकावर बसली, एकदा तर मामींच्या आमटीत सापडली. त्या जोडीतली ती लेन्स फेकूनच द्यावी लागली आणि डॉक्टरांकडून दुसरी आणावी लागली. मामा दाराबाहेर उभे राहून सामन्यात देतात तसा आवाज देत होते, "घाल सुले, घाल! सोडू नगं!" आणि अचानक ती बसली. मग दुसरी बसली. मी पापण्या उघडझाप केल्या आणि बाहेर आले.

चिंचेच्या झाडाला पानं असतात हो! म्हणजे असतात हे ठाऊक होतं, पण ती चष्म्याच्या चौकटीबाहेरही असतात, कडेलाही असतात, मान न वळवता दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. तारेवर कावळा होता आणि त्याची चोच उघडी होती. मामांच्या मिशा रंगवलेल्या आहेत हे मला दिसलं आणि मी ते मोठ्यानं बोलूनही टाकलं. मी अंगणभर धावले, गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग मृणालताईच्या आरशासमोर उभी राहिले. तेव्हा लक्षात आलं की चष्म्याशिवायचा स्वतःचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. चष्मा काढला की आरसाच दिसायचा नाही, मग चेहरा कुठून दिसणार? मी फार आशेनं बघितलं. नाकावर दोन्ही बाजूंना दोन खळगे, जणू कुणी चिमट्यात धरून मला लहानपणापासून वाळत घातलं होतं. त्या एका बाबतीत निराशा झाली. बाकी सगळ्या जगावर मी खूश होते. नवा चष्मा आला तो मी पेटीत तळाला टाकला, आणि जत्रेला घरी जाताना मुद्दाम तिथंच ठेवून गेले. त्या वेळी हा मला फार मोठा विजय वाटला होता.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी वडापच्या जीपमधून उतरून घरी गेले तेव्हा चैत्राचं ऊन कलत होतं. आत्या घरी नव्हती. खालच्या गावात एका शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी आमची काही मेंढरं बसवली होती, आत्या तिकडं होती आणि दुसऱ्या दिवशी परस्पर मैदानावर येणार होती. आईनं मला बघून आधी विचारलं, "चष्मा कुटं पाडलास?" मी सांगितलं, डोळ्यात आहे. मग काय, घटकाभरात अंगण भरलं.

"वितळत न्हाई का गं उन्हात?"

"चुलीफुडं बसली तर पापडावानी भाजंल की!"

"रातच्याला दिसतंय का त्यातनं?"

"आन् मागं ग्येली, मेंदूत शिरली मंजी?" हे आई.

"सुले, समज तू मेलीस, तर ती काढायची का तशीच जाळायची?" हेही आई. ती वाईट अर्थानं म्हणत नव्हती, तिला फक्त पद्धत माहीत करून घ्यायची होती.

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि जे ठाऊक नव्हतं ते त्याहून मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग मी आईच्या हातातून विळी घेतली आणि जत्रेच्या मटणासाठी कांदे चिरायला बसले. चिरत गेले, चिरत गेले, डोळ्यातून टिपूस नाही. बायका माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघायला लागल्या. त्यांना त्या सगळ्या प्रकारात हे एकच पटलं. शेजारच्या काकूंनी तर त्यांचेही कांदे आणून माझ्यापुढं ओतले. दादा ओट्यावर बसून चंद्रीच्या खुरातला खडा काढत होते. सगळे पांगल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई, दादा."

"दिसतंय?"

"लई."

"हां," म्हणाले, आणि पुन्हा खुराकडं वळले.

दुसऱ्या दिवशी देवळामागच्या मोकळ्या रानात चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. पिपाण्या वाजत होत्या, भजी तळली जात होती, आणि धूळ अशी उडत होती की माणसं पिठात घोळल्यासारखी दिसत होती. आमची गाठ खालच्या खोऱ्यातल्या संघाशी होती. त्यांची कर्णधार यमुना नावाची उंच, दणकट मुलगी होती. कोपऱ्यात उभी राहायची आणि तिच्या हातात पाय सापडला की सुटत नाही अशी तिची ख्याती. मी तिला डोक्यापासून पायापर्यंत निरखून घेतलं. तिच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं दिसलं, कानातले डूल दिसले. मला हसूच फुटलं. दादा आंब्याखाली खांद्यावर घोंगडी टाकून बसलेले दिसले. अगदी त्यांच्या भुवया दिसल्या! मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाच्या भुवया! मला वाटलं, आज मी कुणालाही बाद करू शकते.

तेवढ्यात वाऱ्याची वावटळ आली आणि डाव्या डोळ्यात धूळ गेली. लेन्सखाली कण अडकला की काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. डोळ्यातून धार लागली. मी खाली बसून डोळा चोळायला लागले, आणि नेमकी त्याच क्षणी खालच्या गावाहून चालत आलेली आत्या माझ्यासमोर उभी राहिली. तिला लेन्सचं कुणीच सांगितलं नव्हतं.

"कुसळ ग्येलंय," आत्या म्हणाली. "हल नगं."

"आत्या, न्हाई, थांब, त्ये…"

पण आत्याच्या गुडघ्यात सापडलेलं मेंढरू कधी सुटलंय का? माझं डोकं तिनं दोन गुडघ्यांत धरलं, अंगठ्यानं पापणी वर केली, एक कोमट ओला स्पर्श झाला, आणि ती ताठ उभी राहिली. तिच्या जिभेवर माझी लेन्स होती.

"निगालं गं बया!" आत्या चीत्कारली. तिनं ती बोटावर घेऊन उन्हात धरली. "क्येवढं हाय! आख्ख्या जलमात येवढं कुसळ न्हाई बगितलं!" भोवतीच्या माणसांनी माना पुढं केल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि आत्यानं आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कुसळाला बोटानं टिचकी मारली. ते धुळीत गेलं.

मी जी किंकाळी फोडली तिनं पिपाण्या थांबल्या. मामा धावत आले, संघातल्या मुली आल्या, सगळे गुडघ्यांवर बसून धूळ चाळायला लागले. मामांनाच सापडली. मातीत लोळलेली, करंजीच्या सारणासारखी. काय झालं हे आत्याला सांगितल्यावर तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिनं हात पुढं केला. "आण हिकडं. चाटून सोच्छ करून देते. येका दमात बशिवते जागच्या जागी."

"नको!" मी आणि मामा एकदमच ओरडलो. मृणालताईनं दहा वेळा बजावलं होतं, थुंकी लावायची नाही, खाली पडलेली तशीच घालायची नाही. धुण्याची बाटली वर घरी, लेन्सच्या डबीशेजारी. चष्मा मारुंजीत, पेटीत तळाला. आणि पंचांनी शिट्टी फुंकली.

एका डोळ्यानं लख्ख आणि एका डोळ्यानं धुकं, असं कधी बघितलंय तुम्ही? समोर एकच यमुना दोन जागी उभी असल्यासारखी वाटते आणि जमीन कुठं आहे हे पायाला कळत नाही. पहिल्या चढाईत मी डावीकडच्या कोपऱ्यात अलगद जाऊन सापडले. परत आत आल्यावर दुसऱ्यांदा मी एक युक्ती केली: धुक्याचा त्रास नको म्हणून डावा डोळा मिटून घेतला. मिटलेला डोळा, कपाळाला आठ्या, तोंडानं कबड्डी कबड्डी. मला वाटलं मी फार भेदक दिसत असेन. पण मिटलेला डोळा सारखा उघडायचा आणि मी सारखा मिटायचे. मैदानाभोवतीच्या पोरांनी शिट्ट्यांचा पाऊस पाडला.

"आरं, ढापणी डोळा मारतीया रं!"

"कुनाला मारतीस गं?" यमुना लालबुंद झाली. "आमाला बगून चाळं करती व्हय?" आणि तिनं मला अशी आपटली की माझ्या तोंडात रान गेलं.

बाहेर बसले तेव्हा माझी नजर आंब्याखाली गेली. उजव्या डोळ्यानं मला स्वच्छ दिसलं: दादा उठले. त्यांनी घोंगडी झटकली, काठी उचलली आणि ते तिथून निघाले. मला रडू आलं. (रडल्यानं लेन्स वाहून जात नाही हे मी आज गिऱ्हाइकांना सांगते ते त्या दिवसाच्या अनुभवावरून सांगते.) भर जत्रेत पोरगी डोळा मारते म्हटल्यावर कुठला बाप थांबेल? मी मनातल्या मनात मारुंजीच्या गच्चीचा निरोप घेतला. आमच्या एका मुलीनं गडी मारला, मी पुन्हा आत आले. खेळ संपत आला होता, आम्ही मागं होतो, आणि मामांनी बोटानं मलाच खूण केली. त्यांचा आवाज बसला होता.

मी मध्यरेषा ओलांडली. आणि डावीकडून, जिथं मला नुसतं पिवळसर धुकं दिसत होतं तिथून, अगदी जवळून आवाज आला.

"हुर्र… हुर्र…"

दादा गेले नव्हते. ते माणसांच्या मागून मैदानाला वळसा घालून माझ्या आंधळ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. मी पुढं सरकले की आवाज माझ्याबरोबर रेषेकडेनं पुढं सरकायचा. हुर्र… हुर्र… म्हणजे ही बाजू मोकळी आहे, जा. मी डावा डोळा मिटायचं सोडून दिलं. त्या बाजूचं सगळं दादांवर सोपवलं आणि उजव्या डोळ्यानं समोरच्या मुली बघायला लागले. एकीच्या पायाच्या बोटांना माझा पाय लागला. मला परत फिरता आलं असतं, पण माझ्या छातीत दम मावत नव्हता, मी आणखी आत गेले.

"हाऽड्!"

विचार करायच्या आधीच माझं अंग उजवीकडं वळलं. ज्या जागी मी होते तिथं यमुनाचे दोन्ही हात एकमेकांवर आपटले. रागाच्या भरात ती शेजारणीच्या हाताची साखळी सोडून एकटी झेपावली होती. तिच्या पाठीवर हात टेकवून मी उडी मारली, मध्यरेषेवर पोटावर पडले, आणि मग काहीच ऐकू आलं नाही, इतका कल्ला झाला. मामा माझ्याऐवजी पंचांनाच मिठी मारत होते. पंच त्यांना ढकलत दादांवर ओरडत होते, "ओ पाव्हणं, रेषेच्या मागं व्हा! हितं काय मेंढरं हाकताय का?"

"व्हय," दादा म्हणाले.

सामना आम्ही जिंकलो. यमुना नंतर भज्यांच्या गाडीवर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुज्या बाला आमच्याकडं पाठिव." आत्यानं पदराच्या टोकाची गाठ सोडून मला दाखवली, आत माझी लेन्स होती, उन्हानं वाळून माशाच्या खवल्यासारखी कडक झालेली. "जपून ठिवलीया," ती म्हणाली. "भिजवली तर फुगंल का गं?" आता फुगून उपयोग नाही, असं मी म्हटलं, तरी तिनं गाठ पुन्हा बांधली. पुढं कितीतरी वर्षं ती सगळ्यांना सांगायची की सुलीनं तो डाव मारला, पण कुसळ काढलं मी.

घरी जाताना दिवस मावळतीला गेला होता. आई आणि आत्या पुढं बोलत चालल्या होत्या, मी मागं, आणि दादा. त्यांचा निकाल अजून यायचा होता. मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. उजवीकडं डोंगराची कड सुईसारखी रेखीव दिसत होती, डावीकडं सगळं विरघळलेलं होतं, आणि त्या विरघळलेल्या बाजूनं दादांच्या काठीचा आवाज येत होता.

"फुडला डाव कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"भोरला," मी म्हटलं.

"लांब हाय." थोडं चालल्यावर म्हणाले, "मेंढरं त्या दिशी आक्का बगंल." आक्का म्हणजे आत्या. आणखी थोडं चालून म्हणाले, "त्यो चष्मा बरूबर आणत जा. आन् ती काच आक्काच्या जिभंपास्नं लांब ठिव."

मी हसले, ते हसले की नाही हे मला दिसलं नाही, कारण ते डावीकडं होते. वाट अरुंद झाली, बांध जवळ आला. अंधारल्या बाजूनं हळूच आवाज आला, "हाऽड्," आणि मी उजवीकडं वळले.